एचबीएसएजी ४८१२ आणि तरी औषध नाही? हिपॅटायटिस बी चा रिपोर्ट ओळीओळीने

प्रश्न (थोडक्यात): आम्ही पारोळा तालुक्यातले. धाकटा भाऊ, वय २७, सुरतला उधन्यात लूमवर कामाला आहे. गणपतीच्या शिबिरात त्याने रक्तदान केलं. पुढे रक्तपेढीतून फोन आला की हिपॅटायटिस बी निघाला. मग सगळ्या तपासण्या केल्या. एचबीएसएजी रिअॅक्टिव्ह, व्हॅल्यू ४८१२. अँटी-एचबीएस २ पेक्षा कमी. अँटी-एचबीसी टोटल रिअॅक्टिव्ह, आयजीएम नॉन-रिअॅक्टिव्ह. एचबीईएजी नॉन-रिअॅक्टिव्ह. डीएनए १.४ ई+०३ आययू. एसजीपीटी ३४, एसजीओटी ३१, प्लेटलेट १.९६ लाख. सोनोग्राफी नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, सध्या औषधाची गरज नाही, सहा महिन्यांनी या. इतका मोठा आकडा असून औषध का नाही? आखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर) त्याचं लग्न आहे, ते करावं का? आई सहा वर्षांपूर्वी पोटात पाणी होऊन गेली, त्यामुळे घरात सगळे घाबरलेत. बहीण शहाद्याला दिली आहे, तिला दुसऱ्या खेपेचा पाचवा महिना आहे. वडील म्हणतात, तिला एवढ्यात काही सांगू नका.

उत्तर:

तुम्ही विचारलं ४८१२ बद्दल. माझं लक्ष मात्र शेवटच्या दोन वाक्यांवर अडकलं, जी तुम्ही जाता जाता लिहिली आहेत. त्यांच्याकडे येतोच. आधी आकडा संपवू, कारण तो डोक्यात असेपर्यंत तुम्हाला दुसरं काही ऐकू येणार नाही.

४८१२ म्हणजे विषाणूंची संख्या नव्हे. आकड्यापुढे बारीक अक्षरात ‘एस/सीओ’ किंवा ‘इंडेक्स’ असं छापलेलं असेल. मशीनमध्ये तुमच्या भावाच्या नमुन्यातून जो प्रकाशाचा सिग्नल आला, त्याला ठरलेल्या किमान सिग्नलने भागलं की हा आकडा मिळतो. बहुतेक मशीनवर १ च्या खाली नॉन-रिअॅक्टिव्ह, १ किंवा वर रिअॅक्टिव्ह, म्हणजे पॉझिटिव्ह. ९०० असो की ४८१२, अर्थ एकच: विषाणूच्या बाहेरच्या आवरणाचं प्रथिन रक्तात आहे. विहिरीला पाणी आहे एवढं यातून कळतं, किती हात आहे ते कळत नाही.

रावेरकडचे एक केळीवाले शेतकरी माझ्याकडे आले होते. प्लॅस्टिकच्या पिशवीत तीन वेळचे रिपोर्ट, प्रत्येकावर एचबीएसएजीचा आकडा लाल पेनाने गोल केलेला: आधी ३९००, मग ४५००, मग ४१००. मधल्या काळात कुणाकडून तरी पुडी घेतलेली, आणि ४५०० चे ४१०० झाले म्हणून पुडी लागू पडली अशी खात्री. डीएनएचा कागद त्याच पिशवीत घडी घालून तळाशी होता, तो कुणी उघडलाच नव्हता. त्यात विषाणूची संख्या लाखांच्या घरात होती.

उलट, मला शंका येते ती छोट्या आकड्याची. १.३, २, ५ असं काही आलं तर घाबरण्याआधी ती तपासणी वेगळ्या पद्धतीने पुन्हा करून खात्री करायची असते, कारण खोटा पॉझिटिव्ह निघू शकतो. कार्डवरच्या झटपट तपासणीत अंधुक रेघ दिसली, किंवा कार्ड ठरलेल्या वेळेनंतर वाचलं गेलं, तरी तेच. आणखी एक गंमत सांगतो: हिपॅटायटिस बीची लस घेतल्यावर पहिले काही दिवस, सुमारे १८ दिवसांपर्यंत, लसीतलंच प्रथिन रक्तात सापडून एचबीएसएजी पॉझिटिव्ह दाखवू शकतं. शिबिरात लस घेतली आणि पुढच्याच आठवड्यात तपासणी केली की माणूस विनाकारण हादरतो. केस गळतात म्हणून बायोटिनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या घेणाऱ्यांचे निकालही काही मशीनवर बिघडतात, तेव्हा रक्त देताना तेही सांगावं. तुमच्या भावाच्या बाबतीत यातलं काही नाही. अँटी-एचबीसीही रिअॅक्टिव्ह आहे, डीएनए सापडला आहे. संसर्ग खरा आहे.

(एखाद्या जुन्या लॅबच्या कागदावर ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’ असं लिहून येईल. ते एचबीएसएजीच आहे. १९६० च्या दशकात बरूच ब्लुमबर्ग यांना ते एका ऑस्ट्रेलियन आदिवासी माणसाच्या रक्तनमुन्यात सापडलं, म्हणून ते नाव पडलं. त्यांना १९७६ मध्ये नोबेल मिळालं. ऑस्ट्रेलियाहून आलेला वेगळा आजार वगैरे काही नाही.)

आता बाकीच्या ओळी.

अँटी-एचबीएस हे शरीराने एचबीएसएजीविरुद्ध तयार केलेलं संरक्षण. १० किंवा त्याहून जास्त असेल तर माणूस सुरक्षित समजतात. भावाचं २ पेक्षा कमी आहे, म्हणजे संरक्षण नाही. ते अपेक्षितच होतं, कारण विषाणू आत ठाण मांडून आहे. एक गैरसमज इथेच काढतो: त्याला आता लस देऊन उपयोग नाही. लस घरातल्या बाकीच्यांसाठी.

अँटी-एचबीसी म्हणजे विषाणूच्या गाभ्याविरुद्धची खूण. लसीत गाभ्याचा भाग नसतोच. त्यामुळे लस घेतलेल्या माणसात फक्त अँटी-एचबीएस सापडतं. अँटी-एचबीसी सापडलं तर खरा विषाणू कधी ना कधी अंगात येऊन गेला, किंवा अजून आहे. दोन्ही अँटी पॉझिटिव्ह आणि एचबीएसएजी निगेटिव्ह, हा आजारातून बरा झालेला माणूस. नुसतं अँटी-एचबीसी पॉझिटिव्ह आणि बाकी दोन्ही निगेटिव्ह असेल तर ते कोडं असतं. जुना संसर्ग असेल, खोटा पॉझिटिव्ह असेल, किंवा दडून बसलेला थोडा विषाणू असेल. ते डॉक्टरांवर सोडा, पण विसरू नका. अशा माणसाला पुढे कधी कॅन्सरची केमो किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं द्यायची वेळ आली, तर दडलेला विषाणू उसळू शकतो.

याच अँटी-एचबीसीचा आयजीएम प्रकार ताज्या संसर्गात वर असतो. भावाचा नॉन-रिअॅक्टिव्ह आहे. म्हणजे हे गेल्या महिन्या-दोन महिन्यांत सुरतेत झालेलं नाही. नियमाप्रमाणे एचबीएसएजी सहा महिन्यांपेक्षा जास्त टिकला तर जुनाट संसर्ग म्हणतात, आणि सहा महिन्यांनी ती तपासणी पुन्हा होईलच. पण आईचा इतिहास आणि हा आयजीएम बघता मला फारशी शंका नाही.

एचबीईएजी नॉन-रिअॅक्टिव्ह आल्याचं बऱ्याच जणांना फार कौतुक वाटतं. पॉझिटिव्ह असेल तर विषाणू जोरात वाढतोय, हे खरं. पण निगेटिव्ह म्हणजे झोपलाय, हे खरं नाही. विषाणूचा एक बदललेला प्रकार ‘ई’ प्रथिन बनवतच नाही आणि तरी लिव्हर पोखरत राहतो. म्हणून या ओळीवर समाधान न मानता पुढची वाचायची.

डीएनए, म्हणजे रक्तातल्या विषाणूची संख्या, १.४ ई+०३. हे ‘१.४’ नव्हे! ई+०३ म्हणजे पुढे तीन घरं सरकवा: १,४०० आययू प्रति मिली. ई+०६ असतं तर १४ लाख झाले असते. सगळे लोक सुरुवातीचा आकडा वाचतात आणि शेपूट सोडून देतात, खरी बातमी शेपटात असते. एकक पण बघा. काही लॅब ‘कॉपीज’मध्ये देतात. १ आययू म्हणजे साधारण ५ कॉपीज, म्हणून एका लॅबमधून दुसऱ्या लॅबमध्ये गेल्यावर विषाणू अचानक पाचपट झाल्यासारखा वाटतो. शिवाय हा आकडा स्वतःहून वरखाली होतो. १,४०० चे पुढच्या वेळी २,५०० झाले किंवा ८०० झाले तरी त्यात फार अर्थ शोधू नये. १,४०० चे ६०,००० झाले तर शोधावा. जमेल तोवर एकाच लॅबमध्ये करत जा.

मग एसजीपीटी, म्हणजे लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम. ३४ च्या पुढे लॅबने ‘नॉर्मल: ४५ पर्यंत’ असं काहीतरी छापलं असेल, म्हणून त्यावर खूण नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत पुरुषांसाठी ३० आणि बायकांसाठी १९ ही मर्यादा धरली आहे. त्या हिशेबाने ३४ किंचित वर आहे. किंचितच. आदल्या रात्री दारू, अंगात चरबी, लूमवरची रात्रपाळी आणि बाहेरचं तेलकट, यांपैकी कशानेही एवढं होतं. पण ‘नॉर्मल’ या छापील शब्दावर विसंबून चालत नाही. लिव्हरमध्ये व्रण साचत असताना एसजीपीटी पंचविशीत असलेले रुग्ण मी पाहिले आहेत.

व्रण किती साचलेत याचा ढोबळ अंदाज घरबसल्या काढता येतो, त्याला ‘अप्री’ म्हणतात. एसजीओटी (एसजीपीटीसारखंच दुसरं एन्झाइम) ३१, त्याला लॅबची वरची मर्यादा ४० ने भागा, १०० ने गुणा: ७७.५. त्याला हजारांतल्या प्लेटलेटने, म्हणजे १९६ ने भागा: ०.४० च्या आसपास. ०.५ च्या वर गेला तर काळजी, १ च्या वर गेला तर सिरोसिसचा, म्हणजे लिव्हर व्रणांनी कडक झाल्याचा संशय. भावाचा खाली आहे. चांगलं आहे. पण ही ढोबळ मोजणी आहे. फायब्रोस्कॅन (लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी) होत असेल तर एकदा कराच. त्यात ७ किलोपास्कलच्या वर आलं तर औषध सुरू करण्याकडे कल ठेवतात.

एवढ्या सगळ्यावरून डॉक्टरांनी ‘सध्या औषध नको’ म्हटलं ते चुकीचं नाही. डीएनए २,००० च्या खाली, एसजीपीटी लॅबच्या मर्यादेत, सोनोग्राफी स्वच्छ. समोरच्या कागदांवरून मीही बहुधा तेच म्हणालो असतो. फक्त दोन गोष्टी. एक, एका वेळच्या रिपोर्टवर ‘विषाणू शांत आहे’ असा शिक्का मारायचा नसतो. पहिल्या वर्षभरात निदान तीन वेळा एसजीपीटी आणि डीएनए बघावं लागतं. ‘औषध नको’ हे ऐकून आपले लोक सुटल्यासारखे उठतात आणि थेट चार-पाच वर्षांनी पाय सुजल्यावर उगवतात. “माले काही दुखत नही, मंग तपासनी कसाले?” हे वाक्य मी ओपीडीत इतक्यांदा ऐकलंय की आता समोरच्याने तोंड उघडायच्या आत कळतं. लिव्हर दुखतच नाही, हीच तर अडचण.

दुसरी गोष्ट तुमच्या आईची.

भावाच्या डॉक्टरांना हे कुणी सांगितलं होतं का? मला वाटतं, नाही. तो एकटा गेला असेल, त्यांनी रिपोर्ट पाहिले असतील. पोटात पाणी होऊन गेलेली बाई म्हणजे बहुतेक वेळा सिरोसिस. कारणं इतरही असतात हे मान्य. पण मुलाला हिपॅटायटिस बी निघाल्यावर आईच्या त्या आजाराकडे नव्याने बघावं लागतं. घरात त्यांची जुनी फाइल असेल, कपाटावर, धान्याच्या कोठीमागे, कुठेतरी. शोधा. त्यात ‘एचबीएसएजी’ किंवा ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’ ही ओळ आहे का बघा. लिव्हरमध्ये गाठ, ‘एएफपी’ (लिव्हरच्या कॅन्सरची रक्तातली खूण) वाढलेलं, असं काही लिहिलं असेल तर तो कागद वेगळा काढा.

कारण २०२४ च्या त्या सूचनांत औषध सुरू करायचं एक कारण असंही आहे: कुटुंबात लिव्हरचा कॅन्सर किंवा सिरोसिस. तसं असेल आणि डीएनए सापडत असेल, तर डीएनए २,००० च्या खाली आहे, एसजीपीटी जवळपास नॉर्मल आहे, एवढ्यावरून थांबायचं नाही. युरोपातल्या तज्ज्ञांनी तर २०१७ पासून अशांना औषध देण्याची मुभा ठेवली आहे. तेव्हा माझं मत स्पष्ट सांगतो. फाइलमध्ये सिरोसिस किंवा कॅन्सरचा पुरावा मिळाला तर सहा महिने थांबू नका. ती फाइल घेऊन याच महिन्यात पोटविकारतज्ज्ञाकडे जा आणि टेनोफोव्हिर या विषाणू दाबणाऱ्या औषधाबद्दल बोला. तो निर्णय समोर बसलेल्या डॉक्टरांचा, माझा नाही. पण त्यांच्या हातात आईचा कागद असलाच पाहिजे. औषध सुरू झालं तर रोज एक गोळी, बहुधा अनेक वर्षं, मधूनमधून किडनीची तपासणी, आणि स्वतःच्या मनाने बंद करणं सक्त मना. अचानक थांबवल्यावर विषाणू उसळून लिव्हर निकामी झालेली माणसं आहेत. औषध सुरू होवो न होवो, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी. हिपॅटायटिस बीमध्ये सिरोसिस न होताही कॅन्सर होऊ शकतो.

आईवरून आणखी एक गोष्ट उलगडते. बाळाला जन्माच्या वेळी हा संसर्ग झाला तर १०० पैकी ९० जणांत तो कायमचा राहतो. एक ते पाच वर्षांच्या वयात झाला तर साधारण पाव ते निम्म्या मुलांत राहतो. मोठेपणी झाला तर १०० पैकी ९५ हून अधिक लोक स्वतःहून बरे होतात. जुनाट संसर्ग असलेला २७ वर्षांचा मुलगा आणि अशी गेलेली आई, हे एकत्र पाहिलं तर त्याला तो बहुधा पाळण्यातच मिळाला. आपल्या देशात सरकारी लसीकरणात ही लस २००२-०३ मध्ये काही ठिकाणी प्रयोग म्हणून आली आणि देशभर पोहोचली २०११ मध्ये. त्याच्या वेळी गावात ती नव्हतीच. सुरतला राहतो, काय काय करत असेल, अशी कुजबुज गावात किंवा घरात चालू असेल तर ती आजच बंद करा. रिपोर्टात तशा शंकेला आधार देणारं काहीही नाही.

आता बहीण. माझ्या दृष्टीने सगळ्यात घाईचं काम हे आहे, आणि वडील नेमकं तेच लांबवायला सांगताहेत. त्यांची माया समजते. पण भाऊ आणि बहीण एकाच आईचे आहेत. पाचवा महिना म्हणजे अजून वेळ हातात आहे, आठव्यात तो नसेल.

पहिलं काम साधं: तिचं माता-बाल संरक्षण कार्ड आणि सोबतचे रिपोर्ट उघडून बघा. गरोदरपणाच्या तपासण्यांत एचबीएसएजी असतो. कदाचित झालेला असेल आणि निगेटिव्ह असेल, मग तेवढ्यापुरता जीव भांड्यात पडला. झाला नसेल तर या आठवड्यात करा. पॉझिटिव्ह आला तर डीएनए आणि एचबीईएजी करायचं. डीएनए २ लाख आययूच्या वर असेल, किंवा डीएनए होत नसेल आणि एचबीईएजी पॉझिटिव्ह असेल, तर बाळाला लागण होऊ नये म्हणून गरोदरपणातच तिला टेनोफोव्हिर देतात. बाळंतपण दवाखान्यातच. बाळाला २४ तासांच्या आत लसीचा पहिला डोस, आणि शक्यतो १२ तासांच्या आत इम्युनोग्लोब्युलिनचं (तयार अँटीबॉडीचं) इंजेक्शन दुसऱ्या मांडीत. लस सगळीकडे मिळते. इम्युनोग्लोब्युलिन तालुक्याच्या ठिकाणी ऐन वेळी मिळेलच असं नाही, रात्री दोनला तर नाहीच. म्हणून आठव्या महिन्यातच ते कुठून येणार, कोण आणणार, हे ठरवून ठेवायचं. पुढे सहा, दहा आणि चौदा आठवड्यांचे डोस नेहमीच्या लसीकरणातच होतात. सिझेरियन करायची गरज नाही. अंगावर पाजायला काहीच हरकत नाही, पाजाच.

बाळाची तपासणी ९ ते १२ महिन्यांचं झाल्यावर, एचबीएसएजी आणि अँटी-एचबीएस या दोनच गोष्टींची. अँटी-एचबीसी दोन वर्षांच्या आत करू नका. आईचं रक्तातून आलेलं असतं, उगाच घाबरायला होतं. आणि बहीण पॉझिटिव्ह निघाली तर तिच्या पहिल्या मुलाचीही तपासणी करा.

सांगायचं कसं? फोनवर सासरच्या गोतावळ्यात नाही. जावयाला आधी विश्वासात घ्या, दोघांना एकत्र सांगा, आणि ‘तुला झालंय’ असं नाही, ‘आपल्या सगळ्या भावंडांनी तपासायचंय’ असं सांगा. तपासणी नवऱ्याचीही होते, त्यामुळे एकट्या सुनेवर बोट राहत नाही.

लग्नाचं उत्तर सोपं आहे: करा. फक्त मुलीला आणि तिच्या घरच्यांना आधी सांगून. लपवून केलेलं लग्न पहिल्याच गरोदरपणाच्या तपासणीत उघडं पडतं, आणि मग आजारापेक्षा फसवणुकीचं दुःख मोठं होतं. मुलीची एचबीएसएजी, अँटी-एचबीएस आणि अँटी-एचबीसी तपासणी करायची. तिन्ही निगेटिव्ह असतील तर लस: आज, एक महिन्याने, सहा महिन्यांनी. आता सुरुवात केली तरी तिसरा डोस आखाजीच्या पुढे जाईल. तिसऱ्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस तपासून १० च्या वर आहे हे कागदावर बघा. तोपर्यंत निरोध. त्यानंतर निरोधाची गरज या कारणासाठी राहत नाही. मुलंबाळं होऊ शकतात, आणि ती निरोगी होऊ शकतात.

घरात काय जपायचं ते पटकन सांगतो. ताट, तांब्या, भाकरी, अंथरूण, मिठी, यांतून काहीही होत नाही. वेगळं ताट मांडणारी घरं पाहिली की मला राग येतो. दाढीचं ब्लेड, दातांचा ब्रश, नखं काढायचं यंत्र वेगळं. जखम झाली तर झाकायची. हा विषाणू वाळलेल्या रक्तातही शरीराबाहेर सात दिवस टिकतो, म्हणून सलूनमध्ये नवं ब्लेड मागून घ्यायचं, आणि सारंगखेड्याच्या किंवा दुसऱ्या कुठल्या यात्रेत एकाच सुईने दहा जणांना गोंदणाऱ्या माणसापासून लांब राहायचं. सुईचं तेच. गुजरातेत मोडासा भागात २००९ साली वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्यामुळे हिपॅटायटिस बीची मोठी साथ आली, बरीच माणसं गेली. आपल्याकडे अजूनही ताप आला की ‘एक सुई टोचा’ म्हणणारे कमी नाहीत. टोचायचीच असेल तर पाकीट आपल्या डोळ्यांसमोर फोडलेलं पाहिजे.

गावात सुचवलेल्या उपायांबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण कुणीतरी सुचवलं असणारच. काविळीची माळ, चुन्याने हात धुऊन पिवळं पाणी काढणं, हे सगळं काविळीसाठी म्हणून करतात. भावाला कावीळ नाहीच. आणि असती तरी हातावरचं पिवळं पाणी लिव्हरमधून येत नाही. यांनी निदान अपाय तरी होत नाही. पोटात घ्यायच्या पुड्या आणि काढे मात्र सोडा. गुळवेल घेऊन लिव्हरला सूज आल्याच्या नोंदी आपल्याच देशात आहेत. दारू बंद, मोहाची असो की दुकानातली. उसाच्या रसाने फायदा नाही, तोटाही नाही. जेवण नेहमीचं: वरणबट्टी, कळण्याची भाकरी, भरीत, शेवभाजी आठवड्यातून एखादेवेळी. एवढं मात्र पाळा की बुरशी आलेले शेंगदाणे आणि मका कोणीही खायचा नाही. त्या बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन आणि हिपॅटायटिस बी एकत्र आले की लिव्हरच्या कॅन्सरचा धोका कितीतरी वाढतो. ओल लागलेल्या शेंगा ‘निवडून खाऊ’ म्हणून ठेवतात, त्या टाकून द्या.

हा विषाणू पूर्ण निघून जाईल का? औषधाने तो दबतो, मुळासकट क्वचित जातो. वर्षाला शंभरात एखाद्याचा एचबीएसएजी निगेटिव्ह होतो. जो कोणी खात्रीने निगेटिव्ह करून देतो म्हणेल त्याच्याकडे जाऊ नका.

खर्चाचं: २८ जुलै २०१८ पासून केंद्राचा राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू आहे. त्यात तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहेत. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे किंवा जिल्हा रुग्णालयात या कार्यक्रमाचं उपचार केंद्र कुठे बसतं ते नावानिशी विचारा. डीएनएची तपासणी खासगीत महाग पडते, त्यामुळे चार पायऱ्या चढून चौकशी केली तर पैसे वाचतात. भावाला सुरतेहून दर वेळी येणं जमणार नसेल तर तिथल्या सरकारी केंद्रात नाव नोंदवता येईल, कार्यक्रम देशभराचा आहे. जाताना आईचा कागद, मागचे सगळे रिपोर्ट, आणि एचआयव्ही व हिपॅटायटिस सी झाले नसतील तर तेही करून घ्या. हिपॅटायटिस डी एकदा बघावा, पण तो मिळाला नाही तर अडून राहू नका.

राहिले तुम्ही. प्रश्नात भावाचे सगळे आकडे आहेत, तुमचा एकही नाही. तुम्हीही त्याच आईचे, आणि वडिलांनी तिच्याबरोबर संसार केला आहे. तुम्ही दोघं, आणि तुमची बायकोमुलं असतील तर तीही, लॅबमध्ये जाऊन ‘एचबीएसएजी, अँटी-एचबीएस आणि अँटी-एचबीसी टोटल’ असं तिन्ही नावं घेऊन सांगा. नुसतं ‘हिपॅटायटिस बी बघा’ म्हटलं तर कार्डवर एक रेघ बघून पाठवतील. कार्ड नको, एलायझा किंवा मशीनवरची तपासणी करा. उपाशीपोटी जायची गरज नाही. ज्यांचं तिन्ही निगेटिव्ह येईल त्यांनी त्याच आठवड्यात लसीचा पहिला डोस घ्यायचा. ज्यांचा एचबीएसएजी पॉझिटिव्ह येईल त्यांनी भावाच्या पुढच्या भेटीत त्याच्याबरोबरच जायचं, फाइल एकच.